काळ्या कातळाचा हिशेब : मिरजगावची भूमी आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग

अहिल्यानगराहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सीनेच्या खोऱ्यात वसलेले कर्जत तालुक्यातील मिरजगाव महसुली दप्तराला फार दिवसांपासून परिचित आहे. तेथील जमिनीचा आकार, जिरायत-बागायतीचा भेद, पिकांची पैसेवारी आणि अवर्षणाच्या सालांतील अपुऱ्या पावसाचे आकडे यांची मोजदाद पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. त्याच जमिनीचा आणखी एक गुण मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर चढलेला नाही. तेथील मुरमात, काळ्या मातीत, घराच्या भिंतीत आणि भिंतीआड राहणाऱ्या माणसाच्या हाडामांसातही काही अस्थिर अणू आपापल्या ठरलेल्या गतीने विघटन पावत असतात, आणि त्या विघटनातून निघणारे किरण माणसाच्या देहातून जन्मापासून मृत्यूपर्यंत जात असतात.

किरणोत्सर्ग हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील वाचकाला तारापूर किंवा जैतापूर आठवते, आणि प्रश्नाचा सारा भार मनुष्याने उभारलेल्या भट्ट्यांवर जाऊन पडतो. वस्तुतः सर्वसामान्य मनुष्याला आयुष्यात मिळणाऱ्या किरणमात्रेचा फार मोठा भाग निसर्गातून आणि वैद्यकीय तपासण्यांतून येतो. अणुवीजकेंद्रांचा त्यातील वाटा अत्यल्प असतो. म्हणून ‘आमच्या गावात किरणोत्सर्ग आहे काय’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण त्याचे उत्तर पृथ्वीवरील प्रत्येक गावासाठी ‘आहे’ असेच येते. तो किती आहे, कोणत्या मार्गाने देहापर्यंत पोहोचतो आणि त्यातला कोणता भाग आपल्या हाती आहे, हे तीन प्रश्न खरे. मिरजगावासारख्या गावी त्यांची उत्तरे शोधू लागले असता जमिनीविषयीची भीती ओसरते आणि लक्ष खोलीतल्या हवेकडे वळते, असे माझे मत बनले आहे, आणि ते का बनले हे या आढाव्यात मांडावयाचे आहे.

युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण निघतात हे आंरी बेकरेल यांनी १८९६ मध्ये पाहिले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत विद्युत्भारमापक घेऊन फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले की उपकरणाजवळ कोणताही किरणोत्सर्गी पदार्थ ठेवलेला नसतानाही त्यावरील भार हळूहळू गळून जातो. हे किरण जमिनीतून येत असतील तर उंचीबरोबर ते घटले पाहिजेत, असा सरळ तर्क करून थेओडोर वुल्फ यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर मोजणी केली, तेव्हा घट अपेक्षेहून फार कमी निघाली. आणि ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे फुग्यात बसून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेले तेव्हा तर किरणांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. भूमीबरोबरच आकाशही किरणांचा वर्षाव करते हे अशा रीतीने सिद्ध झाले, आणि त्याच विश्वकिरणांच्या अभ्यासातून पुढे होमी भाभा यांची कीर्ती उदयास आली. आपल्या इलाख्यात या विषयाचा आरंभ त्याहूनही शांतपणे झाला होता : मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील भौतिकीचे अध्यापक फादर श्टायखेन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई इलाख्यातील उष्ण झऱ्यांच्या पाण्याचा किरणोत्सर्ग मोजला होता. पुढे १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा प्रतिष्ठान स्थापन झाले, १९६७ मध्ये त्याला भाभांचे नाव मिळाले, आणि तेथील आरोग्यभौतिकी विभागांनी देशभराच्या नैसर्गिक किरणमात्रेचे मापन पद्धतशीरपणे हाती घेतले. देशात ठिकठिकाणी किरणमात्रा नोंदवणारे बिल्ले टांगून केलेली १९८०च्या दशकातील पाहणी आणि आज अखंड नोंद घेणारे स्वयंचलित केंद्रांचे जाळे ही त्याच कामाची फळे होत.

आता परिमाणांचा थोडा तपशील सांगणे प्राप्त आहे. एका सेकंदात एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकरेल. पदार्थात शोषली गेलेली ऊर्जा ग्रे या एककात मोजतात, आणि किरणांचा प्रकार व अवयवाची संवेदनशीलता लक्षात घेऊन देहावरील परिणामाचे जे माप काढतात ते सीव्हर्ट. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २००० साली दिलेल्या हिशेबानुसार जगातील सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. त्यांपैकी सुमारे ०.४ विश्वकिरणांतून, ०.५ खडक-मातीतून निघणाऱ्या गॅमा किरणांतून, ०.३ अन्नपाण्यातून आणि १.२, म्हणजे नेमका अर्धा वाटा, श्वासावाटे आत जाणाऱ्या रेडॉन वायू व त्याच्या विघटनातून उपजणाऱ्या अपत्यद्रव्यांतून येतो. अन्नातील वाट्याचे सर्वांत परिचित द्रव्य म्हणजे पोटॅशियम-४०. प्रौढ मनुष्याच्या शरीरात ते दर सेकंदाला सुमारे चार हजार वेळा विघटन पावत असते, आणि शरीर पोटॅशियमचे प्रमाण स्वतःच राखत असल्यामुळे आहारात फेरफार केल्याने या आकड्यात फारसा बदल होत नाही.

या जागतिक ताळेबंदात मिरजगाव कोठे बसते हे तेथील खडकावरून पुष्कळसे ताडता येते. दख्खनचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भाच्या खोल थरांतून वर आलेला लाव्हा आहे, आणि युरेनियम व थोरियम ही मूलद्रव्ये अशा लाव्ह्यात फारशी उतरत नाहीत; ती ग्रॅनाइटासारख्या, पृथ्वीच्या कवचातच वारंवार वितळून निवलेल्या खडकांत साचत जातात. काळ्या दगडात युरेनियम दशलक्ष भागांत बहुधा एका भागाहून कमी, थोरियम एक ते तीन भाग आणि पोटॅशियम शेकडा एकाहून कमी असते. ग्रॅनाइटात हेच आकडे अनुक्रमे तीन ते पाच, पंधरा ते वीस आणि शेकडा चारच्या आसपास जातात. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने दिलेले गुणक वापरून हिशेब केला तर काळ्या दगडाच्या भूमीवर जमिनीपासून एक मीटर उंचीवर तासाला चौदा-पंधरा नॅनोग्रे आणि ग्रॅनाइटाच्या भूमीवर एकशेपंधराच्या आसपास मात्रा निघते. जागतिक सरासरी ५९ आहे आणि त्याच समितीने भारताची सरासरी ५६ दिलेली आहे. हा हिशेब अनुमानाचा आहे, प्रत्यक्ष मोजणीचा नव्हे, आणि नदीकाठच्या गाळात किंवा दुरून आणलेल्या भरावात तो बदलेल. तरीही त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे येते. विश्वकिरणांची मात्रा समुद्रसपाटीलाच तासाला तीस नॅनोग्रेच्या आसपास असते आणि उंचीबरोबर ती वाढते. म्हणजे मिरजगावच्या शिवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पायाखालच्या भूमीकडून मिळते त्याच्या दुपटीहून अधिक मात्रा डोक्यावरच्या आकाशाकडून मिळत असली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखरावर आकाशाचा हा वाटा समुद्रकाठच्या जवळजवळ दुप्पट होतो.

महाराष्ट्राची सगळी भूमी मात्र अशी नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांत आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात लाव्ह्याचे पांघरूण संपून प्राचीन ग्रॅनाइटी खडक वर येतात, आणि तेथील आकडे वेगळे असणार. खुद्द लाव्ह्याच्या प्रदेशातही तो खडक खाली आहेच : १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ खोल छिद्र घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळा दगड भेदल्यावर ग्रॅनाइटी नाइस लागला. परंतु गॅमा किरण जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरातूनच बाहेर पडू शकतात, आणि रेडॉनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटन पावण्यास लागणारा काळ, अवघे ३.८ दिवसांचे असल्यामुळे शेकडो मीटर वर येईपर्यंत तो उरत नाही. त्यामुळे खोलवरच्या ग्रॅनाइटाचा वरच्या माणसाला उपद्रव नाही. येथे जाता जाता हेही नमूद करावेसे वाटते की या खडकातील अल्पस्वल्प पोटॅशियम-४० चे विघटन होऊन जो अर्गॉन वायू साचतो त्याच्याच मोजणीवरून या दगडाचे वय ठरलेले आहे. वेंकटेशन, पांडे आणि गोपालन या भारतीय संशोधकांनी १९९३ मध्ये याच रीतीने सह्याद्रीच्या लाव्ह्याची कालगणना केली. ज्या गुणाला आपण भितो त्याच गुणाने आपल्या भूमीची जन्मपत्रिका लिहून ठेवलेली आहे.

मोजणी ही गोष्ट ऐकावयास सोपी आणि करावयास कठीण आहे. हातात धरण्याच्या गायगर यंत्राची टकटक ऐकून आकडा सांगणे म्हणजे मोजणी नव्हे. ते यंत्र किरण आले एवढेच सांगते, कोणत्या अणूचे आले हे सांगत नाही. त्यासाठी मातीचा नमुना आणून, वाळवून, चाळून, वायू निसटणार नाही अशा डब्यात सुमारे एक महिना बंद ठेवावा लागतो, कारण तेवढ्या अवधीत रेडियम आणि त्याची रेडॉनोत्तर अपत्ये यांच्यात समतोल प्रस्थापित होतो. मग शिशाच्या जाड भिंतींआड, अतिशीत केलेल्या जर्मेनियमच्या स्फटिकासमोर तो डबा तासन् तास ठेवतात आणि प्रत्येक किरणाची ऊर्जा नोंदवतात : १४६० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेघ दिसली की पोटॅशियम, १७६४ ची दिसली की युरेनियमच्या वंशातील बिस्मथ, २६१४ ची दिसली की थोरियमच्या वंशातील थॅलियम. काळ्या दगडाची माती इतकी क्षीण असते की तिच्यासाठी मोजणीचा अवधी वाढवावा लागतो. जेथे किरण थोडे तेथे चूक मोठी, हा या शास्त्राचा कायमचा अडसर आहे.

शेतात उघड्यावर केलेली मोजणीही फसवी ठरू शकते, आणि कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ती कशी फसेल याचे एक चांगले उदाहरण वळवाच्या पावसात सापडते. कोरड्या दिवसांत हवेत तरंगणाऱ्या धुळीच्या कणांना रेडॉनची अपत्ये, म्हणजे शिसे-२१४ व बिस्मथ-२१४, चिकटून राहिलेली असतात. पहिली सर ती सगळी धुऊन जमिनीवर आणते आणि गॅमामापकाचा काटा एकाएकी वर चढतो. या अपत्यांची अर्धायुष्ये सत्तावीस आणि वीस मिनिटांची असल्यामुळे दोन-तीन तासांत काटा पूर्ववत होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो त्या तासाभरात मोठा अहवाल लिहून मोकळा होईल आणि गावात नाहक घबराट पसरेल. अशाच कारणांनी पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याहून आणि हिवाळ्याचा आकडा उन्हाळ्याच्या आकड्याहून निराळा येतो. एका दिवसाच्या मोजणीवर गावाच्या आरोग्याविषयी निर्णय देणे मला अशास्त्रीयच नव्हे तर अन्यायाचेही वाटते.

आता रेडॉनकडे वळू, कारण या सगळ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. युरेनियमच्या वंशात रेडियमपासून जन्मणारा हा वायू रंगहीन, गंधहीन आणि रासायनिक दृष्ट्या जवळजवळ उदासीन असतो. जमिनीतील फटींतून तो वर येतो, उघड्या हवेत विरून जातो, परंतु बंद खोलीत साचतो. तो श्वासाबरोबर आत येऊन बहुतेक तसाच बाहेर जातो. खरी हानी त्याची अपत्ये करतात. पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ हे श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटतात आणि त्यांच्यातून निघणारे अल्फा कण, ज्यांना कागदाचा पापुद्राही अडवतो, ते तेथील नाजूक पेशींतच आपली सारी ऊर्जा ओततात. जर्मनीतील श्नेबेर्ग येथील खाणकामगारांचा पिढीजात छातीचा रोग फुप्फुसाचा कर्करोग आहे हे हेर्टिंग आणि हेसे या वैद्यांनी १८७९ मध्ये, म्हणजे रेडॉनचा शोध लागण्यापूर्वीच, दाखवून दिले होते. घरांचा प्रश्न फार उशिरा कळला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टॅनली वॉट्रस नावाच्या अभियंत्याच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळे तो काम करीत असलेल्या अणुवीजकेंद्राची धोक्याची घंटा वाजू लागली, आणि केंद्रात अद्याप इंधनही भरलेले नसल्यामुळे शोध घेता तो किरणोत्सर्ग त्याच्या राहत्या घरातून येत असल्याचे निष्पन्न झाले.

मिरजगावच्या काळ्या मातीत रेडियम थोडे, म्हणून रेडॉनही थोडा, असे सामान्यतः म्हणता येईल. परंतु येथे खडकाची रचना आणि घराची रचना या दोन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात. काळी माती पावसाळ्यात फुगून आपली छिद्रे मिटवते आणि चैत्र-वैशाखात भेगाळून हातभर खोल वाटा मोकळ्या करते. वायूच्या येण्याजाण्यावर याचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही. जुन्या माळवदी घरांना जाड मातीच्या भिंती, खिडक्या थोड्या आणि उजेड-वाऱ्यासाठी छपरात ठेवलेले सवणे असे. दार मात्र दिवसभर उघडे असे. नव्या सिमेंटच्या घरांत फरसबंदी घट्ट झाली हे चांगले, पण काचेच्या खिडक्या आणि वातानुकूलित खोल्या यांनी हवेची वहिवाट थांबली, आणि कर्नाटक-तेलंगणातून आलेला ग्रॅनाइट ओट्यावर व जिन्यावर बसला. त्या दगडाने धोका होतो असे म्हणणे अतिशयोक्त होईल. घराची मात्रा ठरवण्यात हवा खेळती आहे की नाही याचे वजन त्याहून फार अधिक असते.

जोखीम किती, याचे आजवरचे सर्वांत भरवशाचे उत्तर युरोपातील नऊ देशांतील तेरा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून मिळाले, जे सारा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. घरातील रेडॉन घनमीटरमागे १०० बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका शेकडा ८.४ ने वाढतो असे प्रथम दिसले. परंतु घराघरांतील मोजणीतील अनिश्चितता जमेस धरली तेव्हा तोच आकडा शेकडा १६ झाला. मोजणी कच्ची असेल तर जोखीम निम्मी दिसते, ही गोष्ट मला या साऱ्या संशोधनात अत्यंत महत्त्वाची वाटते. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपल्या जिल्ह्याला अधिक झोंबणारा आहे. घरातील रेडॉन शून्य, १०० आणि ४०० बेकरेल असताना पंचाहत्तर वर्षांच्या वयापर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता धूम्रपान न करणाऱ्यांत शेकडा ०.४, ०.५ आणि ०.७ निघते, धूम्रपान करणाऱ्यांत ती १०, १२ आणि १६ होते. तंबाखूच्या पानात स्वतःचे पोलोनियम-२१० असतेच. ज्या जिल्ह्यात संगमनेरसारख्या गावांचा विडीउद्योग प्रसिद्ध आहे तेथे विडी सोडवणे हेच रेडॉनवरील सर्वांत प्रभावी औषध ठरते, हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी घनमीटरमागे १०० बेकरेल ही इष्ट आणि ३०० ही कमाल पातळी सुचवली आहे.

बाह्य गॅमा किरणांच्या बाबतीत मात्र पुरावा निराळी दिशा दाखवतो, आणि तो आपल्याच देशातला आहे. केरळातील करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूमुळे काही ठिकाणी वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत मात्रा मिळते. मिरजगावच्या शिवारासाठी वर मांडलेल्या अनुमानाची जमीन व आकाश मिळून वर्षाची बेरीज अर्ध्या मिलिग्रेपेक्षाही कमी भरते. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने करुणागप्पळ्ळीतील सुमारे सत्तर हजार लोकांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेतला, १,३७९ कर्करोगांची नोंद केली, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत किरणमात्रेबरोबर कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. कोकणातल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण ती इल्मेनाइटाची असून मुख्यतः लाव्ह्याच्या खडकापासून आलेली असल्यामुळे तिच्यात मोनाझाइट नगण्य असते.

करुणागप्पळ्ळीच्या दाखल्यावरून अल्प मात्रा निरुपद्रवी ठरते असे मानणारे लोक आहेत. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांवरून काढलेली रेघ सरळ शून्यापर्यंत ओढून प्रत्येक किरणाला गुन्हेगार ठरवणारेही आहेत. त्या वाचलेल्यांत धोक्याची वाढ सुमारे १०० मिलिसीव्हर्टच्या वर स्पष्ट दिसते. खाली ती असलीच तर इतर कारणांच्या गर्दीत हरवते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने सरळ रेघेचा नियम सावधगिरीचा म्हणून स्वीकारला, आणि त्याच वेळी सूक्ष्म मात्रेला लाखो लोकांनी गुणून मृत्यूंचे आकडे काढू नयेत असेही बजावले. मला ही दुहेरी भूमिका योग्य वाटते. नियम करणाऱ्याने सावध असावे; पण त्या सावधगिरीला झालेल्या हानीचा दाखला म्हणून कोणी वापरू नये.

पाण्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण दुष्काळाने कूपनलिका शेकडो फूट खाली नेल्या आहेत. पिण्याच्या पाण्यातील युरेनियमचा मुख्य दोष किरणोत्सर्गाचा नसून मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक अपायाचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा त्यावरच आधारलेली आहे. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने ६० ची हद्द धरली होती. पंजाब, हरियाणा, राजस्थान येथे या मर्यादेवरचे पाणी अनेक ठिकाणी आढळले. काळ्या दगडातील पाण्यात युरेनियम सामान्यतः कमीच असते, परंतु पातळी खोल जाणे आणि खतांतील नायट्रेट पाण्यात उतरणे या दोन्ही गोष्टी खडकातील युरेनियम सुटे करण्यास साहाय्य करतात, आणि ऊस-कांद्याच्या बागायतीत या दोन्ही घडत आहेत. पाणी तपासताना फ्लोराइड व नायट्रेटबरोबर युरेनियमचाही रकाना भरण्याची तजवीज व्हावी. त्यासाठी निराळा नमुना घ्यावा लागत नाही.

हवेच्या मोजणीसाठी महागड्या यंत्रसामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. भाभा केंद्रात विकसित झालेल्या दोन कप्प्यांच्या लहानशा डबीत सेल्युलोज नायट्रेटची फीत असते. अल्फा कणांनी तिच्यावर उमटवलेले ओरखडे दाहक द्रावणात उकरून मोठे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. एका महाविद्यालयाच्या भौतिकी विभागाला हे काम सहज पेलेल. मिरजगावातील काही माळवदी घरे, काही सिमेंटची घरे, शाळेचे वर्ग आणि दवाखाना निवडून, तीन-तीन महिन्यांनी फीत बदलत, वर्षभर नोंद ठेवली तर उन्हाळ्याच्या भेगा, पावसाळ्याची ओल आणि हिवाळ्यात लावून घेतलेली दारे या सर्वांचा हिशेब एका तक्त्यात येईल. डबी भिंतीपासून निदान हातभर दूर टांगणे एवढे पथ्य मात्र पाळावे लागेल : थोरियमच्या वंशातील थोरॉन वायूचे अर्धायुष्य ५५ सेकंदांचे असल्यामुळे तो मातीच्या भिंतीलगतच रेंगाळतो, आणि भिंतीला टेकलेली डबी माणसाच्या श्वासातील हवा न मोजता भिंत मोजत बसते.